पहाटेची मुक्कामी गाडी

सायंकाळच्या शेवटच्या फेरीने गावात यावयाचे, रात्रभर तेथेच थांबावयाचे आणि दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वी तालुक्याच्या वाटेला लागावयाचे, असा एस. टी.च्या काही गाड्यांचा नेम असतो. अशा गाडीला लोक ‘मुक्कामी गाडी’ म्हणतात. चालक व वाहक गावातच निजतात आणि गाडी चावडीसमोर किंवा देवळाच्या पटांगणात उभी असते. खेडेगावाला या गाडीचे मोल फार असते. तालुक्याच्या शाळेत जाणारी मुले, बाजाराला भाजीपाला नेणारे शेतकरी, कचेरीत काम असलेली माणसे, दवाखान्याची वाट धरलेले रोगी, या सर्वांचा दिवस त्या एका गाडीवर अवलंबून असतो. ती सुटली नाही, तर साऱ्या गावाचा दिवस अडून राहतो.

गाडी जुनी असली आणि पहाट पौष महिन्यातील असली, म्हणजे गाडी सुरू होते की नाही याची काळजी सर्वांनाच लागते. ती सुरू झाली नाही, तर “फार थंडी पडली आहे हो!” असे म्हणून लोक थंडीच्या माथी दोष मारतात. पण थंडी खरोखरच अपराधी असते काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना यंत्राविषयी पुष्कळ कळतेच. शिवाय विचार कसा करावा, हेही कळते.

आजचा जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी त्याचा बहुतेक भाग औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात होता. आणि १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत असे. त्या संस्थानात जून १९३२ मध्ये रेल्वेखात्यानेच रस्ता-वाहतुकीचा वेगळा विभाग काढला आणि २७ गाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू केली. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील अल्बियन कंपनीच्या गाड्या या सेवेत होत्या. त्या काळची एक अल्बियन गाडी हैदराबादेत आजही जपून ठेवलेली आहे. ‘सूर्योदयाइतकी खात्रीची’ असे या कंपनीचे ब्रीद होते आणि उगवता सूर्य हे तिचे चिन्ह होते. सूर्य मात्र कोणाच्या मदतीवाचून उगवतो. गाडी सुरू होण्यासाठी माणसाला पुष्कळ खटपट करावी लागते.

इकडे मुंबई राज्यात १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, या मार्गावर एस. टी.ची पहिली गाडी धावली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि १९६१ मध्ये मराठवाड्याची राज्य-वाहतूक महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात सामील झाली. याच सुमारास रस्त्यांवर देशी बांधणीच्या गाड्या वाढू लागल्या. टाटांच्या कारखान्याने जर्मनीतील डाइमलर-बेंझ या कंपनीशी करार करून १९५४ पासून जमशेदपूर येथे टाटा-मर्सिडीझ-बेंझ गाड्यांच्या चासी बनविल्या. हा करार १९६९ पर्यंत चालला. या गाड्यांना सहा सिलिंडरांचे डिझेल इंजिन असे. दणकट यंत्र म्हणून त्याची ख्याती होती. पण थंडीच्या पहाटे त्याला सुरू करताना काही विशेष काळजी घ्यावी लागे. ती का, हे समजण्यासाठी डिझेल इंजिनाच्या पोटात डोकावले पाहिजे.

चूल पेटवावयाची तर काडी ओढावी लागते. पेट्रोलच्या इंजिनात हे काम विजेची ठिणगी करते. डिझेलच्या इंजिनात मात्र काडीही नसते आणि ठिणगीही नसते. मग डिझेल पेटते कसे? सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम होते, हा अनुभव बहुतेक मुलांना असतो. हवा जोराने दाबली की ती तापते, हा निसर्गाचा नियम आहे. आग्नेय आशियातील लोक फार पूर्वीपासून एका पोकळ नळीत दट्ट्या झटकन दाबून आग पेटवीत असत. याच नियमाच्या आधारे रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने आपले इंजिन सिद्ध केले आणि १८९७ मध्ये औग्सबुर्ग येथे त्याची यशस्वी चाचणी झाली. डिझेल हे नाव आधी माणसाचे. इंधनाला ते मागाहून मिळाले.

या इंजिनात सिलिंडरमधील हवा पिस्टनने इतकी दाबली जाते की, सोळा ते वीस भाग हवा एका भागाच्या जागेत कोंबली जाते. त्यामुळे हवेचे तापमान ५०० अंश सेल्सियसच्याही वर जाते. नेमक्या त्याच क्षणी नोझलमधून डिझेलचे बारीक तुषार आत सुटतात. तापलेल्या हवेत शिरताच ते पेट घेतात, पिस्टन खाली ढकलला जातो आणि इंजिन फिरू लागते. थोडक्यात, डिझेल इंजिनाला तीन गोष्टी हव्या असतात: पुरेशी हवा, वेळेवर मिळणारे डिझेल आणि ते पेटविण्याइतकी ऊब. ही तीन नावे ध्यानात ठेवावीत. पुढे त्यांचेच काम पडणार आहे.

आता थंडीकडे वळावे. जालन्याचा परिसर समुद्रापासून दूर, सुमारे ५०० मीटर उंचीच्या पठारावर वसलेला आहे. समुद्राची दमट हवा मुंबईच्या रात्री उबदार ठेवते. ती येथपर्यंत पोहोचत नाही. हिवाळ्यात आकाश निरभ्र असले म्हणजे दिवसभर तापलेली जमीन आपली उष्णता रात्री झपाट्याने आकाशात सोडून देते. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा १० अंश सेल्सियसच्या आसपास उतरतो, आणि उत्तरेकडून थंडीची लाट आली म्हणजे त्याच्याही खाली जातो. सूर्योदयाच्या सुमारास गारठा सर्वांत अधिक असतो. आणि मुक्कामी गाडीची वेळही नेमकी तीच असते.

अशा वेळी इंजिनापुढे तीन अडचणी एकदम उभ्या राहतात. पहिली अडचण ऑइलची. थंडीत बाटलीतील खोबरेल गोठते, हे घरोघरी दिसते. इंजिनातील ऑइल गोठत नाही, परंतु ते दाट होते आणि यंत्राचे भाग जणू चिखलातून फिरावे तसे जड फिरतात. दुसरी अडचण बॅटरीची. तिच्यातील रासायनिक क्रिया थंडीत मंदावते आणि तिचा जोर कमी होतो. म्हणजे काम वाढते आणि त्याच वेळी करणाऱ्याचे बळ घटते. तिसरी अडचण लोखंडाची. रात्रभर गारठलेला सिलिंडर दाबलेल्या हवेतील ऊब शोषून घेतो. इंजिन हळू फिरले की ऊब शोषली जाण्यास आणखी अवधी मिळतो. शिवाय पिस्टनच्या झिजलेल्या कड्यांमधून हवाही निसटते. मग डिझेलचे तुषार सुटतात, पण पेटत नाहीत.

ही अडचण ओळखूनच जुन्या टाटा-मर्सिडीझ इंजिनात एक सोय केलेली असे. प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावरील लहानशा कप्प्यात एकेक ‘हीटर प्लग’ बसविलेला असे. हीटर प्लग म्हणजे टोकाशी तारेचे वेटोळे असलेला खिळ्यासारखा भाग. त्यातून वीज गेली की वेटोळे लाल होते आणि कप्प्याला ऊब देते. सहा सिलिंडरांचे सहा प्लग एकाच तारेने एकापुढे एक असे साखळीने जोडलेले असत. या साखळीतच चालकाच्या समोर एक लहान वेटोळे असे. हीटरची कळ दाबल्यावर थोड्या वेळाने ते लाल झाले, म्हणजे आत सर्व प्लग तापले, असे चालकाने समजावयाचे. सणासुदीला लावण्याच्या जुन्या दिव्यांच्या माळेतही दिवे असेच एकापुढे एक जोडलेले असतात. त्यांतील एक दिवा गेला की सारी माळ विझते, हे येथे विसरता कामा नये.

एवढी माहिती हाताशी असली म्हणजे पुढील कल्पित प्रसंग सहज समजेल. जाफराबाद तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यातील एका लहान गावी अशी एक जुनी गाडी मुक्कामाला होती. वर्ष १९७५ च्या सुमाराचे. पौषातील पहाट होती. आदल्या आठवड्यात आभाळ ढगाळ होते. ते त्या रात्री स्वच्छ झाले आणि कडाक्याचा गारठा पडला. पटांगणात तीस-पस्तीस माणसे कानटोप्या आणि घोंगड्या लपेटून उभी होती. तालुक्याला परीक्षेसाठी निघालेली सातवीतील एक मुलगी होती. तापाने फणफणलेले मूल उराशी धरून एक माता पायरीवर बसली होती. चालकाने सेल्फ मारला. इंजिन कण्हल्यासारखे दोन-तीनदा फिरले आणि थांबले. पुन्हा मारला, पुन्हा तेच.

मग सल्ल्यांना ऊत आला. कोणी म्हणाले, “सगळे मिळून धक्का मारू.” कोणी म्हणाले, “इंजिनाखाली शेकोटी करा.” कोणी उकळते पाणी आणावयास धावले. तेवढ्यात, आगारातून निवृत्त होऊन गावी राहिलेले एक वृद्ध मेस्त्री काठी टेकीत तेथे आले. निजामाच्या काळात हँडल फिरवून गाड्या सुरू करण्यापासून त्यांचे आयुष्य या कामात गेले होते.

“आधी सर्वांनी हात मागे घ्या,” ते म्हणाले. “इंजिनाखाली ऑइल ठिबकते, डिझेलच्या नळ्या आहेत, तेथे जाळ करणे म्हणजे गाडीची होळी करणे होय. उकळते पाणी गार लोखंडावर पडले तर लोखंड तडकते. आणि इंजिन बंद असताना ब्रेकला पुरता जोर नसतो. पटांगणापुढे ओढ्याचा उतार आहे. धक्का दिलेली गाडी कोण थांबविणार?”

“मग काय करावे, मेस्त्री?” चालकाने विचारले. “हीटर बिघडला असावा काय?”

“‘असावा’ नको, ड्रायव्हरसाहेब. आहे की नाही, ते पाहू. आणि एका वेळी एकच गोष्ट पाहू.”

त्यांनी प्रथम कान दिला. इंजिन फिरताना फार हळू फिरत होते. म्हणजे पहिला संशय बॅटरीवर. झाकण उघडताच बॅटरीच्या खुंट्यांवर पांढरट-हिरवट भुकटी साचलेली दिसली. वीज जाण्याच्या वाटेवर जणू बांधच पडला होता. त्यांनी दिवे व सर्व कळा बंद करविल्या, जोडण्या सोडविल्या, खुंट्या पॉलिश पेपरने चकचकीत केल्या, जोडण्या घट्ट आवळल्या आणि वरून ग्रीस लावले. चालकाने पुन्हा सेल्फ मारला. आता इंजिन जोमाने फिरले. लोकांनी आनंदाने गलका केला. पण इंजिन काही पेटले नाही.

“म्हणजे अजून काही बाकी आहे,” मेस्त्री शांतपणे म्हणाले. मग ते त्या मुलीकडे वळले. “बाळ, तुझी नजर चांगली आहे. सायलेन्सरच्या बाजूला उभी राहा. अगदी मागे नको. मी सांगितल्यावर पाहा. धूर येतो का, आणि आला तर कोणत्या रंगाचा?”

सेल्फ पुन्हा फिरला. मुलीने निरखून पाहिले आणि सांगितले, “येतो, आजोबा. पांढरा आहे. वास उग्र आहे आणि डोळ्यांना झोंबतो.”

“फार मोठे काम केलेस!” मेस्त्री म्हणाले. “मुळीच धूर आला नसता, तर डिझेल आत पोहोचत नाही, असे ठरले असते. मग टाकी, फिल्टर, नळ्या पाहाव्या लागल्या असत्या. नळीत हवा शिरली असती तर ती काढावी लागली असती. पांढरा धूर म्हणजे न जळलेल्या डिझेलचे तुषार. डिझेल येते आहे, पण पेटत नाही. आता नळ्यांना हात लावण्याचे कारणच उरले नाही. इंजिनाला तीन गोष्टी लागतात: हवा, डिझेल आणि ऊब. डिझेल आहे. इंजिन जोमाने फिरते आहे, आणि कालपर्यंत हेच इंजिन चालत होते. तेव्हा हवेचा संशय मागे ठेवू. आता ऊब पाहू.”

चालकाने हीटरची कळ दाबली. सर्वांचे डोळे समोरच्या लहानशा वेटोळ्याकडे लागले. एक मिनिट गेले, तरी ते काळेच राहिले. साखळी कोठे तरी तुटली होती, पण कोठे?

मेस्त्रींनी पिशवीतून दोन तारा जोडलेला एक लहान बल्ब काढला. एक तार इंजिनाच्या लोखंडाला टेकवून दुसरी तार त्यांनी पहिल्या प्लगच्या आधी लावली. बल्ब लागला. म्हणजे कळ ठीक होती आणि वीज तेथवर येत होती. मग दुसऱ्या प्लगकडे न जाता त्यांनी तार एकदम तिसऱ्या प्लगच्या पुढे लावली. बल्ब लागला.

“पहिले तीन निर्दोष,” ते म्हणाले. “चोर शेवटच्या तिघांत आहे.”

पाचव्याच्या पुढे तार लावली. बल्ब लागला नाही. चौथ्याच्या पुढे लावली, लागला. पाचव्या प्लगच्या अलीकडे वीज होती आणि पलीकडे नव्हती. दोष सापडला.

मुलीने विचारले, “आजोबा, एकापाठोपाठ एक असे का नाही पाहिले?”

“तसे पाहिले असते तरी चालले असते,” मेस्त्री म्हणाले. “पण मधोमध पाहिले की प्रत्येक तपासणीत निम्मे निर्दोष सुटतात. सहा प्लगांत त्याचे मोल फारसे कळत नाही. साठ असते, तर एकेक करून कदाचित साठाव्यापर्यंत जावे लागले असते. निम्म्या-निम्म्याने सहा तपासण्यांत काम होते. घरी गेल्यावर गणित करून पाहा.”

पाचवा प्लग काढला, तेव्हा त्याच्या टोकाची तार तुटलेली दिसली. सगळा प्लग बोटाएवढा, आणि तुटलेली तार तर काडीएवढी! चालकाच्या सुट्या भागांच्या डब्यात चिंधीत गुंडाळलेला एक जादा प्लग होता. भोक पुसून तो बसविला, जोडणी केली आणि हीटरची कळ दाबली. या वेळी समोरचे वेटोळे हळूहळू तांबूस व मग लालबुंद झाले. सेल्फ फिरला. इंजिन दोनदा खोकले, तिसऱ्यांदा थरथरले आणि मग एका लयीत चालू लागले. पांढरा धूर विरळ होत गेला. लोक भराभर आत चढले, आणि तापाचे मूल घेतलेल्या मातेला वाहकाने पुढचे आसन दिले.

निघण्यापूर्वी चालक खालच्या आवाजात म्हणाला, “मेस्त्री, खरे सांगावयाचे तर हे वेटोळे आठ दिवसांपासून लाल होत नव्हते. पण गाडी सुरू होत होती, म्हणून मी लक्ष दिले नाही.”

“तेव्हा रात्री ढगाळ होत्या, गारठा कमी होता, म्हणून इंजिनाने निभावून नेले,” मेस्त्री म्हणाले. “बॅटरीची भुकटीही काही एका रात्रीत साचत नाही. थंडीने गाडी बिघडविली नाही, ड्रायव्हरसाहेब. थंडीने बिघाड दाखवून दिला. आगारात पोहोचलात की दोन्ही गोष्टी दोषांच्या वहीत लिहा. उद्या ही गाडी दुसऱ्याच्या हाती असेल.”

वृद्ध मेस्त्रींच्या या बोलण्यात या पाठाचे सार आहे. धडधाकट माणसाला पहाटेचा गारवा बाधत नाही. ज्याची छाती आधीच कमजोर आहे, त्याला तो खोकवितो. यंत्राचेही तसेच आहे. जालन्याच्या थंडीत नीट निगा राखलेले इंजिन सहसा अडत नाही. झिजलेल्या कड्या, सैल जोडणी, दमलेली बॅटरी, तुटलेली तार, हे दोष उबदार दिवसांत दबून राहतात आणि थंडीच्या पहाटे एकदम वर येतात. एकटा दोष कदाचित निभावला असता. दोन दोष आणि गारठा एकत्र आले, की गाडी उभी राहते. म्हणून जाणते लोक हिवाळ्याच्या तोंडीच गाडीची तपासणी करून घेतात आणि ऋतूला मानवेल असे ऑइल घालतात. जुन्या गाड्यांचे काही चालक तर मुक्कामाला सुरक्षित असा थोडा उतार पाहूनच गाडी लावीत आणि चाकांना दगडांची उटी देत.

थंडी हीच खरी अपराधी असते, अशाही जागा जगात आहेत. लडाखमध्ये हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली वीस-तीस अंशांपर्यंत जातो. तेथे साध्या डिझेलमधील मेण थिजते आणि फिल्टर बंद होतात. मग उत्तम इंजिनही उपाशी राहते. यासाठी इंडियन ऑइल कंपनीने २०१९ मध्ये लडाखकरिता, उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे डिझेल आणले. लडाखचा उपाय जालन्यात निरुपयोगी आणि जालन्याचा उपाय लडाखमध्ये अपुरा. रोग एक दिसला, तरी कारणे भिन्न असू शकतात. आणि उपाय कारणावर करावयाचा असतो, लक्षणावर नव्हे.

आता गाड्याही बदलल्या आहेत. नव्या डिझेल गाड्यांत विजेची उपकरणे इंजिनावर लक्ष ठेवतात आणि दोषाची खूण स्वतःच दाखवितात. १ जून २०२२ रोजी पुणे ते अहमदनगर याच जुन्या मार्गावर ‘शिवाई’ ही एस. टी.ची विजेवरची गाडी धावली. तिला डिझेलही नको आणि हीटर प्लगही नको. तथापि बॅटरी तिलाही आहे, जोडण्या तिलाही आहेत, आणि कधी ना कधी तीही अडणारच. उपकरण खूण दाखवील. परंतु त्या खुणेचा अर्थ लावणारे डोके आणि जोडणी घट्ट करणारा हात माणसाचाच लागेल.

रात्रीच्या पाळीत आगारांतून गाड्या तपासणारे, ऑइलने हात माखलेले असे किती तरी कामगार असतात. त्यांची नावे प्रवाशांना ठाऊक नसतात. त्यांनी काम चोख केले म्हणजे काहीच घडत नाही. गाडी वेळेवर सुटते आणि कोणाला त्यात विशेष वाटत नाही. परंतु पुष्कळ गावांची सकाळ या न दिसणाऱ्या कामावरच उभी असते.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) मुक्कामी गाडीवर खेड्यातील कोणकोणत्या लोकांचा दिवस अवलंबून असतो?
(आ) डिझेलच्या इंजिनात ठिणगीवाचून इंधन कसे पेटते?
(इ) थंडीत इंजिनापुढे कोणत्या तीन अडचणी उभ्या राहतात?

२. कारणे सांगा.
(अ) मेस्त्रींनी इंजिनाखाली शेकोटी करू दिली नाही.
(आ) पांढरा धूर दिसल्यावर मेस्त्रींनी डिझेलच्या नळ्या तपासल्या नाहीत.
(इ) एक हीटर प्लग बिघडताच सहाही प्लग थंड राहिले.

३. “थंडीने गाडी बिघडविली नाही, थंडीने बिघाड दाखवून दिला.” या वाक्याचा अर्थ आपल्या शब्दांत स्पष्ट करा.

४. एका माळेत बत्तीस दिवे एकापुढे एक जोडलेले आहेत आणि त्यांतील एक गेला आहे. निम्म्या-निम्म्याने तपासल्यास तो किती तपासण्यांत सापडेल?

५. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा: निभावून नेणे, माथी मारणे, ऊत येणे, निगा राखणे.

६. घरातील किंवा शाळेतील एखादी बंद पडलेली वस्तू आठवा. तिचा दोष शोधताना प्रथम काय पाहाल, मग काय पाहाल आणि का, ते दहा-बारा ओळींत लिहा. विजेच्या वस्तूला मात्र मोठ्या माणसांवाचून हात लावू नका.